फोन क्रमांकाची चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा विम्याचा ऑनलाइन फॉर्म भरताना त्यांच्याच मोबाइलमध्ये साठवलेला त्यांचा क्रमांक मी कॉपी करून चौकटीत टाकला. त्याच्या आधी +९१ होते. चौकटीने अधिकचे चिन्ह आणि मोकळी जागा गाळली, पहिले १० अंक ठेवले आणि शेवटचे दोन मुकाट्याने टाकून दिले. उरलेला क्रमांक ९१ने सुरू होणारा, म्हणजे दिसायला अगदी मोबाइलचाच असल्यामुळे फॉर्मला त्यात काही वावगे वाटले नाही आणि ओटीपी भलत्याच क्रमांकावर रवाना झाला. ‘ओटीपी पाठवला आहे’ या ओळीपुढे नुसत्या फुल्या होत्या. आम्ही दोघी अर्धा तास फोनकडे बघत बसलो. ‘रेंज नसेल गं,’ असे सासूबाई म्हणत राहिल्या.

बारीकसारीक वाटणारी ही गोष्ट वयस्कर माणसांना फार छळते. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावे लागते, त्यामुळे आमच्या डायरीत सगळे क्रमांक शून्यासकटच लिहिलेले आहेत. बडोद्याचा लँडलाइन क्रमांक ०२६५ धरून लिहिला की ११ अंक होतात, आणि फोन क्रमांक ही जणू बेरजेची रक्कम आहे अशा समजुतीने तो साठवला तर पुढचे शून्यच उडते. परदेशी असलेल्या मुलांचे क्रमांक तर विचारूच नयेत. सिंगापूरचा क्रमांक ८ अंकी असतो, आणि आंतरराष्ट्रीय मानकात देशाच्या कोडसह १५ अंकांपर्यंत मुभा असताना आपले फॉर्म मात्र दहावर अडून बसतात.

माणूस जसा लिहील तसा क्रमांक घ्यावा. मोकळ्या जागा, जोडरेघा, आधीचे शून्य किंवा +९१ ओळखून बाजूला काढण्याचे आणि देवनागरी अंक वाचण्याचे काम संगणकाने करावे. त्यासाठी गुगलची ‘लिबफोननंबर’ ही प्रणाली फुकट उपलब्ध आहे. जास्तीचे अंक गुपचूप कापण्यापेक्षा ‘क्रमांक तपासा’ असे स्पष्ट सांगावे. आणि ओटीपी पाठवण्यापूर्वी, फुल्यांआड न दडवता, पूर्ण क्रमांक पाच-पाच अंकांच्या दोन गटांत ठळक दाखवावा, म्हणजे सासूबाईंना चष्मा लावून तो स्वतःच ताडून पाहता येईल.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे