तक्रार ‘बंद’ केलीत, धुराला वाट मात्र काढून दिली नाहीत

दिनांक : २२ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
गॅस गिझर विभाग

विषय : बाथरूममध्ये धुराच्या नळीशिवाय बसवलेल्या गॅस गिझरबाबत दुसरी तक्रार

महोदय,

९ डिसेंबरला आपल्याकडून घेतलेल्या सहा लिटरच्या गिझरबद्दल मी १४ जानेवारीला तक्रार नोंदवली होती. १९ तारखेला आपला माणूस आला, नळ सोडून ज्योत पेटते का ते पाहिलं आणि पाच मिनिटांत गेला. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला, ‘उपकरणात दोष आढळला नाही. तक्रार बंद.’

उपकरणात दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. पाणी कडकडीत येतं. माझी तक्रार तो बसवलाय कुठे आणि कसा, याबद्दल आहे, आणि बसवणारा माणूस आपण पाठवलेला होता.

आम्ही नाशिकला राहतो. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आहे, दोन बाजूंनी उघडी. गिझर तिथे लावा, असं मी फिटरला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, भिंतीला भोक पाडावं लागेल, बारा फूट पाइप लागेल, त्याचे वेगळे पैसे. “मॅडम, सगळे बाथरूममध्येच लावतात.” गिझरच्या डोक्यावर नळी बसवायला गोल तोंड आहे, त्याचं काय, असं विचारलं तर, “सहा लिटरला लागत नाही. आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो.” मी विश्वास ठेवला. ही माझी चूक, ती मी मान्य करते.

१३ जानेवारीला भोगी. सासूबाई (वय ७१) पहाटे डोक्यावरून न्हायला गेल्या. थंडी मी म्हणत होती, त्यामुळे खिडकीच्या काचपट्ट्या त्यांनी लावून घेतल्या. काही वेळाने तांब्या पडल्याचा आवाज आला. हाक मारली, ओ नाही. यजमानांनी कडी तोडली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, शुद्ध हरपलेली. ज्योत पिवळी जळत होती. त्यांना गॅलरीत आणलं, मग दवाखान्यात. बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवत होतं, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, त्यावर जाऊ नका, रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, हे त्या यंत्राला कळत नाही. रक्ततपासणीत तो वायू निघालाच. रात्रभर ऑक्सिजनवर होत्या. आता बऱ्या आहेत, पण डोकं जड असल्याचं अजून सांगतात.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशेब केला. आमचं बाथरूम पाच बाय सहा, उंची आठ फूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर हवा. असा गिझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांत तीन घनमीटर, खोलीतली जवळपास निम्मी हवा, आणि जळून झालेला वायूही तिथेच. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर निदान वास तरी येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. याला वास नाही, रंग नाही. वीस मिनिटांच्या टायमरला हे काहीच कळत नाही. शिवाय नळ बंद करून पुन्हा सोडला की त्याची वीस मिनिटं नव्याने सुरू होतात.

आपला माणूस जाता जाता “एक्झॉस्ट फॅन लावा, झालं” असंही सांगून गेला. बंद खोलीत पंखा हवा बाहेर ओढू लागला आणि आत यायला जागा नसली, तर नळीतून चाललेला धूरही उलटा आत येऊ शकतो. हे आपल्या माणसाला ठाऊक नसेल, तर त्याला कुणाच्याही घरी का पाठवता?

आणि आपल्याच माहितीपुस्तिकेत, इंग्रजीत, बारीक टायपात छापलंय की हे उपकरण बंद जागेत बसवू नये!

माझं म्हणणं असं. गिझर ड्राय बाल्कनीत हलवून धुराची नळी कठड्याबाहेर काढून द्यावी, खर्च आपला. जोडणी कशी केली ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. दवाखान्याचं बिल (प्रत सोबत) भरून द्यावं. आणि याच फिटरने आमच्या इमारतीत आणखी चार घरी गिझर लावलेत, तेही बाथरूममध्येच. माझं काम नंतर केलंत तरी चालेल, आधी ती घरं बघा. त्यातल्या एका घरात दोन महिन्यांचं बाळ आहे.

१५ दिवसांत काही हालचाल झाली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेशी सूचना न देण्याबद्दलही उत्पादकाला जबाबदार धरता येतं, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

गिझरचा रेग्युलेटर काढून ठेवला आहे. सध्या अंघोळीचं पाणी शेगडीवर पातेल्यात तापतं, त्यामुळे माणूस पाठवाल तो सकाळी नऊनंतर पाठवा. त्याआधी ओटा मोकळा नसतो.

आपली ग्राहक
(बिल, वॉरंटी कार्ड, दवाखान्याचे कागद आणि गिझरचे फोटो सोबत जोडले आहेत.)