धुपाचा गुग्गुळ पोटात नको

आपल्या आरोग्य पुरवणीतील सांधेदुखीवर गुग्गुळ सुचवणारा लेख वाचला. गुग्गुळाचा सूज उतरवण्याचा गुण आयुर्वेदाने पूर्वीच सांगितला आहे. पण तो घ्यायचा कसा, हे लेखात आलेच नाही. धुपाचा कच्चा गुग्गुळ पोटात घ्यायचा नसतो, वैद्य तो आधी त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करतात. (लेख वाचून माझी आई धुपाचाच गुग्गुळ आणायला निघाली होती, म्हणून हे पत्र.) प्रोप्रानोलोल, डिल्टियाझेम या रक्तदाबाच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळामुळे घटते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारेच बहुधा गुडघेदुखीनेही बेजार असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या गुग्गुळाच्या अमेरिकेतील चाचणीत काहींच्या अंगावर पुरळही उठले. गरोदरपणी तो टाळावाच. कृपया पुढच्या पुरवणीत एवढी चौकट छापावी.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)