मंत्रिमहोदय, आमच्या प्लेटची जाडीही विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. जंतू वाढवण्याच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर हल्ली पुष्कळ भाषणं होतात. चिठ्ठीशिवाय गोळ्या देऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका, वगैरे. बरोबरच आहे. पण जंतू दाद देतो की नाही हे जिथे ठरतं, त्या प्लेटचं, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या झाकणाच्या बशीचं, नाव कुणी काढत नाही.

लघवीतला किंवा पुवातला जंतू प्लेटमधल्या म्युलर-हिंटन अगारवर (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) सारवायचा, वर औषधाच्या डिस्क ठेवायच्या, ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवायचं आणि सकाळी डिस्कभोवतीचा स्वच्छ झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, पट्टीने मोजायचा. त्या मिलिमीटरवरून रिपोर्टात 'एस' (झोन मोठा, जंतू औषधाला दाद देतो) किंवा 'आर' (झोन लहान, दाद देत नाही) पडतं. (हे माध्यम १९४१ मध्ये म्युलर आणि जेन हिंटन यांनी तयार केलं ते गोनोरियाचा जंतू वाढवायला. हिंटनबाई पुढे जनावरांच्या डॉक्टर झाल्या.)

अगारचा थर हवा ४ मिलिमीटर. ९० मिलिमीटरच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिलिलिटर लागतं, म्हणजे लिटरभरात ४० प्लेटा. मी एके ठिकाणी होतो तिथे "जरा पुरवून वापरा" असा तोंडी हुकूम होता. आम्ही लिटरभरात ६० ओतायचो. थर पातळ झाला की औषध खाली मुरण्याऐवजी आडवं पसरतं, झोन उगाच मोठा दिसतो आणि पक्का निगरगट्ट जंतूही 'एस' म्हणून निघतो. वर आमचा मे महिना. झाकण नीट नसलं तर ओतलेली प्लेट दोन दिवसांत कडेने सुटून आक्रसते. डॉक्टर रिपोर्ट पाहून औषध लिहितात. अक्कलकोटहून, तुळजापूरहून आणलेला पेशंट तिसऱ्या दिवशीही तापलेलाच, आणि घरचे म्हणतात औषधच खोटं.

पाण्याचं वेगळंच. आमच्या पाण्याने पातेल्याला पांढरी खपली धरते हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. डिस्टिलेशनचा संच बंद पडला आणि कुणी माध्यमात तसंच पाणी घातलं, तर कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढतं, आणि स्युडोमोनास जंतूवर जेंटामायसिनचा झोन लहान येतो. आता चूक उलटी: चालणारं औषध 'आर' ठरतं आणि पेशंटला महागडं इंजेक्शन लागतं. माध्यमात थायमिडीन (जंतूला औषधातून निसटू देणारा घटक) जास्त असलं की को-ट्रायमॉक्साझोल या औषधाचंही तेच होतं.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. ज्यांचे झोन ठरलेले आहेत असे प्रमाणित जंतू प्रत्येक नव्या बॅचवर लावून बघायचे. थायमिडीन तपासायला एन्टरोकॉकस फीकॅलिस हा जंतू, एटीसीसी २९२१२ या संग्रह-क्रमांकाचा. को-ट्रायमॉक्साझोलभोवती २० मिलिमीटर किंवा जास्त स्वच्छ झोन आला तर बॅच वापरायची, नाहीतर फेकायची. फेकायची म्हटलं की स्टोअरवाल्यांच्या कपाळाला आठ्या, कारण माल सगळ्यात कमी दराच्या निविदेतला असतो आणि परत घ्यायची अट कुणी घातलेलीच नसते.

म्हणून मागणी एवढीच. माध्यमाच्या निविदेत दरासोबत बॅचच्या चाचणीची आणि नापास माल बदलून देण्याची अट घाला. प्रमाणित जंतूंसाठी वेगळी तरतूद ठेवा, ती 'किरकोळ खर्चा'त गेली की मार्चपर्यंत उरत नाही. आणि तपासणीला पथक येतं तेव्हा मशिनं मोजून झाल्यावर नोंदवहीतली झोनची पानंही बघायला सांगा. रोज एकसारखाच आकडा लिहिलेला दिसला तर समजा की पट्टी लावलेलीच नाही. खरा झोन मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतोच.

आमचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालयं आपल्याकडे. एक प्रत तिकडेही पाठवतो आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
सोलापूर