हाताच्या खेळण्यांना सूट नको, परवडणारी तपासणी हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नवरात्र उलटले की ठाण्यात आणि नवी मुंबईत दिवाळी प्रदर्शनांचे दिवस येतात. बेलापूरच्या अर्बन हाटपासून घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसपर्यंत कापडी हत्ती, विणलेल्या बाहुल्या, लाकडी गाड्या आणि खुळखुळे मांडलेले दिसतात. त्यातले बरेचसे काम कळवा, दिवा, घणसोली, कोपरखैरणे इथल्या घरांतून आणि बचत गटांतून होते. या बायकांना दरवर्षी एकच धास्ती असते: आयएसआय मार्क नसताना हे विकले तर चालते का? आयोजक एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो, व्हॉट्सॲपवर तिसरेच फिरत असते. आम्ही अशा गटांना खेळणी बनवण्याचे प्रशिक्षण देतो. म्हणून नियम काय आहे, माल नेमका कुठे कमी पडतो आणि सरकारकडून काय व्हायला हवे, हे या पत्रातून मांडत आहोत.

केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांसाठीचे कोणतेही खेळणे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना आणि आयएसआय मार्क असल्याशिवाय बनवता, आयात करता किंवा विकता येत नाही. विजेवर वा बॅटरीवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक आहे, विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४. नियम मोडल्यास २०१६ च्या ब्यूरो कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. आदेशाला कारण होते. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये तपासलेल्या आयात खेळण्यांच्या नमुन्यांपैकी जवळपास ६७ टक्के नापास झाले होते. त्यामुळे आदेशच चुकीचा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला सूट मिळाली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत उत्पादकांनाही ती मिळाली. कागदावर प्रश्न मिटला. आपल्याकडे मात्र तो इथूनच सुरू होतो. या नोंदणीचे कारागीर ओळखपत्र एकेका व्यक्तीला मिळते आणि माल विकला जातो गटाच्या नावाने. कापड एका घरी कापतात, शिलाई दुसऱ्या घरी होते, भरणी आणि तोंडावरची कलाकुसर तिसरीकडे. मग कारागीर कोण मानायचा? शिलाई मशीनवर शिवलेला हत्ती हस्तकलेत बसतो का, हा प्रश्न अर्ज करतानाच उभा राहतो. कारागिराने माल दुकानदाराला दिला आणि त्याने तो गिऱ्हाइकाला विकला, तर सूट कुठपर्यंत लागू, हे दुकानदाराला कोणी लेखी सांगत नाही. मग तो माल ठेवतच नाही. त्याचेही चुकत नाही, कारण दंड त्याच्या डोक्यावर आहे.

पण आमचे मुख्य म्हणणे वेगळे आहे. ओळखपत्रामुळे मार्कातून सूट मिळते, बाहुलीचा डोळा त्यामुळे घट्ट बसत नाही. दीड वर्षाचे मूल तो डोळा तोंडात घालणारच, मग बाहुली कारखान्यातली असो की बचत गटाची. म्हणून गटांनी मानकातल्या कसोट्या समजून घेतल्याच पाहिजेत. यातल्या बऱ्याच कसोट्या घरी करून बघता येतात.

सगळ्यात महत्त्वाची कसोटी सुट्या बारीक भागांची. मानकात एक पोकळ दंडगोल दिला आहे: आतला व्यास ३१.७ मिलिमीटर आणि तळ तिरपा, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा कोणताही भाग, आधीच सुटा असो वा ओढताना-आपटताना निघालेला, न दाबता या दंडगोलात पूर्ण मावला तर खेळणे नापास. शर्टाचे बटण, मणी, घुंगरू, प्लॅस्टिकचे चिकटवायचे डोळे हे सगळे त्यात आरामात मावते. त्यामुळे लहान मुलांच्या बाहुलीला डोळे भरतकामाचेच करावेत. बटण कितीही टाके घालून लावले तरी त्याच्या भोकाची धार दोरा कापत राहते. शिवाय बटणाखाली कापडाचा एकच पदर असेल तर बटण कापडासकट उपटून येते.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असा कागद लावला की सुटलो, असे अनेकांना वाटते. कापूस भरलेले, उराशी धरून झोपायचे साधे खेळणे मानकाप्रमाणे तीन वर्षांखालील मुलाचेच धरले जाते, लेबलवर काहीही लिहा.

शिवणीचे तसेच. भरलेल्या खेळण्याची शिवण दोन्ही बाजूंनी चिमट्यात पकडून सुमारे ७० न्यूटन जोराने ओढतात, म्हणजे सात किलो वजन टांगल्याइतकी ओढ, आणि ती दहा सेकंद टिकायला हवी. शिवण उसवून आतली भरणी बाहेर येता कामा नये. आमच्या पाहण्यात शिवण सहसा तीन कारणांनी जाते. एक, कानाच्या आणि पायाच्या गोलाईवर कापड उलटवायला सोपे जावे म्हणून शिवणीबाहेरची जागा दोन मिलिमीटरपर्यंत कातरलेली असते. दोन, सॅटिन किंवा सैल विणीचे कापड कडेने सुटत जाते. तीन, भरणी घातल्यावर उरलेले तोंड बाहेरून लांब टाक्यांनी घाईत बंद केलेले असते, आणि तिथेच पहिल्यांदा उसवते. शिवणीबाहेर आठ ते दहा मिलिमीटर जागा सोडा, टाका दोन मिलिमीटरचा ठेवा, गोलाईवर दुसरी शिवण मारा आणि फक्त तिथे काप द्या. दोरा पॉलिस्टरचा घ्या, जुना सुती दोरा ओढीला टिकत नाही. भरणीचे तोंड आतल्या बाजूने दोरा ओढत, दोन-तीन मिलिमीटरच्या टाक्यांनी दोनदा बंद करा. घरी कसोटी घ्यायची तर दोन मजबूत चिमटे आणि सात किलोची पाण्याची कॅन पुरते.

भरणीसाठी शिंप्याकडच्या चिंध्या घेऊ नयेत. त्यात टाचण्या आणि तुटलेल्या सुया निघतात. नवा धुतलेला फायबर घ्यावा, सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत ते खेळणे बाजूला ठेवावे. लांब केस आणि लव असलेले कापड पटकन पेट घेते, त्याची ज्वलनाची कसोटी वेगळी असते.

लाकडी गाड्यांमध्ये चाक निखळण्याची तक्रार सर्वाधिक, आणि तिचे मूळ आपल्या हवेत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरलेल्या लाकडात खुंटी ठोकली की ती घट्ट वाटते. तीच गाडी एसीच्या खोलीत राहिली की लाकूड आकसते, खुंटी सैल होते आणि चाकासकट हातात येते. लाकडातली ओल दहा-बारा टक्क्यांवर आल्यावरच जोडकाम करावे. दांडा आरपार घालावा, चाकाबाहेर आडवी खीळ मारावी आणि गोंद वाळायला पूर्ण दिवस द्यावा. नुसत्या खिळ्यावर चाक फिरवू नये, कारण खिळा वर आला की टोक उघडे पडते. आपटण्याची कसोटी अशी: दीड वर्षाखालील मुलाचे खेळणे १३८ सेंटिमीटरवरून दहा वेळा, त्यापुढच्या वयाचे ९३ सेंटिमीटरवरून चार वेळा, काँक्रीटवर बसवलेल्या विनाईल टाइलवर टाकतात. घरी साध्या फरशीवर टाकून पाहिले तरी खेळण्याची कमकुवत जागा कळते.

भिवंडी-तुर्भ्याच्या गोदामांतून पॅलेटचे, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचे, पाइन लाकूड स्वस्तात मिळते आणि बरेच जण तेच वापरतात. त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय ते घेऊ नये. इंग्रजी 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते खेळण्याला वापरूच नये. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे डाग असतील तर तेही नको.

रंगाचा धोका सगळ्यात मोठा, कारण हा धोका डोळ्यांना दिसत नाही. मानकात आठ घटकांना मर्यादा आहे: किलोमागे शिसे ९० मिलिग्रॅम, कॅडमियम ७५, आर्सेनिक २५, पारा, क्रोमियम आणि अँटिमनी प्रत्येकी ६०, सेलेनियम ५००, बेरियम १०००. रंगाचा कीस सौम्य आम्लात ३७ अंश सेल्सिअसला ठेवून त्यातून किती विरघळले ते मोजतात. मुलाने गिळले तर पोटात काय होईल, त्याचीच ही नक्कल. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे. ती औद्योगिक रंगांना लागू नाही. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा किंवा मशिनरीचा इनॅमल, त्यातही पिवळा, केशरी आणि लाल, खेळण्याला लावू नये. लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य असते ते याच छटांत. लाखेचा किंवा मेणाचा हात हा लाकडाला सगळ्यात सुरक्षित. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याच्या लाकडावर लाख चढवतात ते उगीच नाही.

एवढे सगळे नीट पाळणारा गटही परवान्यापर्यंत पोहोचत नाही, कारण परवान्याची सगळी रचना कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. परवाना एका पत्त्याला मिळतो आणि आपले काम तीन घरांत चालते. अर्जाची फी फार नाही आणि सूक्ष्म उद्योगांना मार्किंग फीमध्ये, म्हणजे मार्क वापरण्याच्या फीमध्ये, सवलतही आहे. स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतूनही त्यांना मुदतीपुरती मोकळीक दिली गेली. खरा भार पडतो चाचणीचा. लाकूड, लाल रंग, पिवळा रंग, निळा रंग अशी एक गाडी म्हणजे रासायनिक तपासणीसाठी चार वेगवेगळे पदार्थ. शिवाय चाचणीत खेळणे मोडते, कापले जाते. दहा हजार नग काढणाऱ्याला हा खर्च नगामागे जाणवतही नाही. तीस नगांची एक खेप काढून पुढच्या महिन्यात नवे डिझाइन करणाऱ्या गटाला तो मुळी झेपत नाही, आणि हाताच्या खेळण्याची गंमत तर डिझाइन बदलण्यातच आहे.

हा पेच आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत २००७ मध्ये शिसेयुक्त रंगांची खेळणी मोठ्या प्रमाणावर परत मागवावी लागली. त्यानंतर २००८ मध्ये तिथे कडक कायदा झाला आणि लहान उत्पादकांवर हाच प्रसंग आला. २०११ मध्ये त्यांनी दुरुस्ती केली. वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत (कायद्यात दहा लाख डॉलर, ती महागाईनुसार वाढते) आणि एका वस्तूचे वर्षाला ७,५०० पेक्षा जास्त नग नसतील, तर लहान उत्पादक म्हणून नोंदणी करता येते आणि काही बाहेरच्या चाचण्यांतून सूट मिळते. पण रंगातले शिसे आणि बारीक भाग या चाचण्या त्यांनाही सुटलेल्या नाहीत. आमच्या मते हीच रेघ बरोबर आहे. मुलाच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या तपासण्या सर्वांना सक्तीच्या, बाकीची जबाबदारी उत्पादकाच्या लेखी हमीवर आणि नोंदींवर.

आपल्याकडे हे तीन पातळ्यांवर करता येईल. ब्यूरोने रासायनिक चाचणी खेळण्याऐवजी कच्च्या मालाच्या लॉटवर मान्य करावी. रंगाचा एक डबा, कापडाचा एक तागा तपासून पास झाला, तर त्यातून बनलेली सगळी खेळणी त्याच अहवालावर चालावीत. दहा गटांनी मिळून एकच रंग घेतला तर खर्च दहा ठिकाणी वाटला जाईल. दुसरे, दंडगोल, ओढ मोजायचा काटा, तीक्ष्ण कडा व टोके तपासायची साधने आणि आपटण्याची फरशी एका खोलीत मावतात, त्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. राज्याच्या औद्योगिक समूह विकास योजनेतून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात असे सामाईक केंद्र उभे राहू शकते. ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्राने त्यासाठी पुढाकार घ्यावा. तिसरे, सूट गटाला लागू कशी होते आणि दुकानातून होणाऱ्या विक्रीला ती आहे की नाही, याचे उत्तर ब्यूरोने आणि हस्तशिल्प आयुक्तालयाने मराठीत, एका पानावर, लेखी द्यावे.

तोवर गटांनी प्रत्येक डिझाइनची एक फाइल ठेवावी: एक नमुना खेळणे, रंग-कापड-भरणीची बिले लॉट नंबरसह, घरी केलेल्या कसोट्यांची तारीखवार नोंद आणि सगळ्या कारागिरांच्या ओळखपत्रांच्या प्रती. प्रत्येक खेळण्याच्या शिवणीत कापडी लेबल असावे, त्यावर गटाचे नाव, पत्ता आणि खेपेचा नंबर. एखाद्या खेपेत खोट निघाली तर नेमकी तेवढीच खेळणी परत बोलावता येतात. पॅकिंगची पिशवी निदान ३८ मायक्रॉनची घ्यावी, त्याहून पातळ पिशवी मुलाच्या नाकातोंडाला चिकटते.

प्रदर्शनांच्या आयोजकांनाही एक विनंती. स्टॉलचे भाडे घेताना ही फाइल मागा आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांना ती करायला महिनाभर आधी सांगा. बेलापूर आणि ठाणे इथे दिवाळीपूर्वी जिल्हा उद्योग केंद्र आणि ब्यूरो यांनी मिळून एकेक दिवसाचे शिबिर घेतले, तर दंडगोल आणि ओढीचा काटा हातात घेऊन गटांना आपला माल तिथेच तपासता येईल.

आपले,
कापडी व लाकडी खेळण्यांचे प्रशिक्षक,
ठाणे – नवी मुंबई