जुन्या छायाचित्रांखाली साल आणि कारण हवेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शहरांची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हल्ली वारंवार पाहायला मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांखाली बहुधा ‘जुने पॅरिस’ एवढाच मजकूर असतो. साल, छायाचित्रकार आणि छायाचित्र घेण्यामागचे कारण गाळले, की चित्रातील वास्तूंविषयी वाचकाचा गैरसमज होण्यास वेळ लागत नाही.

छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक लुई दागेर यांनी १८३८ साली टिपलेला पॅरिसमधील बुलेव्हार द्यू ताँपल हा रस्ता निर्मनुष्य दिसतो. प्रत्यक्षात तो नाट्यगृहांनी गजबजलेला होता. पण चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत असल्याने चालती माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. कोपऱ्यावर एक पाय उचलून बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ तेवढा स्थिर उभा राहिला, म्हणून दिसतो. शिवाय दागेरोटाइपमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर थेट चित्र उमटवण्याच्या दागेर यांच्या पद्धतीत, डावे-उजवे उलटते, त्यामुळे रस्त्याची कोणती बाजू कोणती, हेही सांगावे लागते.

पॅरिसच्या नोत्र दाम या मध्ययुगीन चर्चची १८४० च्या दशकातील छायाचित्रे पाहून तर अनेकांना काहीतरी चुकल्यासारखे वाटते, कारण छतावर उंच शिखरच नाही. जुने शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवले गेले होते आणि वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी रचलेले नवे शिखर १८५९ मध्ये पूर्ण झाले. २०१९ च्या आगीत कोसळले ते हेच. ‘मध्ययुगीन’ म्हणून ज्याच्यासाठी हळहळ व्यक्त झाली, ते शिखर वयाने कॅमेऱ्याहून लहान होते!

कारणाचा उल्लेख तर त्याहून महत्त्वाचा. शार्ल मार्व्हिल यांनी १८६० च्या दशकात पॅरिसच्या चिंचोळ्या गल्ल्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली. ओले दगडी फरस, रस्त्याच्या मधोमध वाहणारे गटार, भिंतींवरील जाहिराती असे सारे त्यांत बारकाईने दिसते. पण हे काम त्यांना नगरप्रशासनाने दिले होते आणि पॅरिसची पुनर्रचना करणारे प्रशासक ओस्मान यांच्या योजनेनुसार त्या गल्ल्या पाडण्याचे काम याच प्रशासनाने हाती घेतले होते. याउलट लंडनमध्ये १८७५ साली ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराय पाडली जाणार म्हणून हळहळणाऱ्या मंडळींनी संस्था काढून अशा वास्तूंची छायाचित्रे घेतली. कोणी टिपले हे कळल्याखेरीज त्या पडक्या भिंतींकडे घाण म्हणून पाहायचे की वारसा म्हणून, हे वाचकाने कसे ठरवावे?

रंगीत चित्रांबाबत विशेष दक्षता हवी. १८९० च्या दशकातील फोटोक्रोम चित्रे मुळात कृष्णधवल असून त्यांतील रंग शिळाछपाईने एकावर एक दिलेले आहेत. तेव्हा व्हेनिसच्या एखाद्या भिंतीचा त्यातील गुलाबी रंग पुरावा म्हणून घेता येत नाही. अशा चित्राखाली ‘रंग छापखान्यात चढवलेले’ एवढे तीन शब्द छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक