सिरॅमिक कार्ट्रिजला आधी योग्य जोडणी द्या

माननीय संपादक,

रेकॉर्ड ऐकण्याच्या छंदावरील आपल्या लेखात जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा भाग) ‘पातळ आणि कर्कश’ अशी एका वाक्यात बोळवण करून, तारेच्या हलत्या वेटोळ्यावर चालणाऱ्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजची मात्र भरभरून स्तुती केली आहे. मूव्हिंग कॉइल अधिक तपशील ऐकवते, हे मलाही मान्य आहे; पण सिरॅमिकच्या माथी मारलेला हा दोष बहुतेक वेळा चुकीच्या जोडणीचा असतो.

सिरॅमिकमध्ये सुई हलली की दाबविद्युत पट्टी वाकते आणि शेकडो मिलिव्होल्ट मिळतात, तर मूव्हिंग कॉइलच्या इवल्याशा वेटोळ्यातून जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिरॅमिकचा प्रतिसाद सुई किती सरकली यावर ठरतो आणि कॉइलचा ती किती वेगाने सरकली यावर. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असल्यामुळे कॉइलला तो समतोल परत आणणारी आरआयएए नावाची ठराविक दुरुस्ती करणारा फोनो विभाग (रेकॉर्डसाठीचा खास अॅम्प्लिफायर) लागतोच. सिरॅमिकमध्ये हीच दुरुस्ती बरीचशी आपोआप होते, फक्त पुढच्या इनपुटचा अवरोध (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) १ ते २ मेगओहम असायला हवा.

मी स्वतः असे कार्ट्रिज नव्या अॅम्प्लिफायरच्या ४७ किलोओहमच्या, म्हणजे त्या मानाने फारच कमी अवरोधाच्या ऑक्स इनपुटला (इतर उपकरणांसाठीच्या साध्या जोडणीला) जोडले, तेव्हा डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्याचा आवाज जवळजवळ नाहीसाच झाला होता. मध्ये २ मेगओहम इनपुटचा एका फेट ट्रान्झिस्टरचा छोटा बफर (कार्ट्रिजवर भार न टाकता संकेत पुढे देणारे सर्किट) बसवताच, तीच सुई आणि तीच रेकॉर्ड असूनही तो परत आला, आणि इतक्या वर्षांचा माझा ग्रह किती चुकीचा होता हे कळले.

लेखात क्रिस्टल आणि सिरॅमिक एकच मानले आहेत, तेही बरोबर नाही. दमट हवेत खराब होतो तो रोशेल सॉल्टचा स्फटिक; सिरॅमिकला ती भीती फारशी नसते.

सिरॅमिकच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सहकार्याने १९६० च्या दशकात तयार झालेले आणि आजही बनणारे डेनॉन डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल सुईच्या २.५ ग्रॅम भारावर चालते. अनेक सिरॅमिक कार्ट्रिजना त्याच्या दुप्पट भार लागतो आणि खाचांची झीज वाढते. शिवाय आज हाती येणाऱ्या जुन्या नगांमधले, सुईला धरून ठेवणारे रबर कडक झालेले असते, त्यामुळे आवाज बिघडतो आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या आवाजाची पातळी जुळत नाही. उलट, सिरॅमिकची झिजलेली सुई घरच्या घरी बदलता येते. मूव्हिंग कॉइलची सुई झिजली की सहसा संपूर्ण कार्ट्रिजच निर्मात्याकडे पाठवावे लागते.

म्हणून अशी तुलना छापताना इनपुटचा अवरोध, सुईचा भार आणि रबराची अवस्था या तिन्ही गोष्टी नमूद कराव्यात, ही विनंती. आणि रबर तपासल्याशिवाय जुने सिरॅमिक कार्ट्रिज दुर्मीळ रेकॉर्डवर कोणीही टेकवू नये.

आपला,
एक नियमित वाचक