कोड्याचं उत्तर त्याच पानावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात शेवटच्या पानावर रोज एक कोडं येतं आणि त्याच्या खालीच, उलट्या अक्षरांत, त्याचं उत्तर. हे उत्तर त्याच दिवशी छापू नका, दुसऱ्या दिवशी द्या, ही विनंती.

मी साताऱ्यात शाळेची रिक्षा चालवतो. गोडोलीतून पोरं घेतो आणि पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे नेऊन सोडतो. सकाळी टपरीवर चहा घेताना तुमचं कोडं पाठ करायचं आणि वाटेत पोरांना घालायचं, हा माझा नेम. पण त्यातल्या एकाच्या घरी तुमचाच अंक येतो. पठ्ठ्या बूट घालता घालता पेपर उलटा धरतो आणि माझं कोडं निम्मं व्हायच्या आत 'लवंग!' म्हणून ओरडतो. 'तिखट मीठ मसाला, चार शिंगं कशाला' यातलं 'कशाला' माझ्या तोंडातच राहतं. बाकीची पोरं हिरमुसतात आणि पुढचा सगळा रस्ता दप्तरावरून भांडणं.

आमची आजी उत्तर फुकट देत नसे. 'हरलो म्हण, मग सांगते.' हरलो म्हणायला कुणी तयार नसे, त्यामुळे एकेक कोडं घरात मुक्कामाला असायचं. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचंही तेच. कलगीवाल्यानं भेदिक, म्हणजे गूढ, सवाल टाकला की तुरेवाल्यानं डोकं खाजवायचं, आणि तो काय जबाब देतो म्हणून लोक रात्र रात्र बसून राहायचे. सवाल टाकणाऱ्यानंच दुसऱ्या कडव्यात जबाब सांगून टाकला, तर फडावर थांबेल कोण?

चांगल्या कोड्याला वेळ द्यावाच लागतो. मध्यंतरी मी हे घातलं होतं: चार खंडांचं एक शहर, चार विहिरी बिनपाण्याच्या, अठरा चोर, एक राणी, एक शिपाई येतो आणि सगळ्यांना मारून मारून विहिरीत टाकतो. पहिल्या दिवशी पोरं गडकिल्ल्यांवर गेली. अजिंक्यतारा झाला, प्रतापगड झाला. दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक पोरगी म्हणाली, 'काका, चोर नऊ-नऊ आहेत का?' मी नुसता हॉर्न वाजवला. 'कॅरम!' नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, शिपाई म्हणजे स्ट्रायकर, हे सगळं तिनंच बाकीच्यांना फोड करून सांगितलं. खाली उत्तर छापलेलं असतं तर तिनं चोर मोजले असते का?

दुसरं म्हणजे, तुमचं एकच उत्तर बरोबर कसं? 'सगळे गेले रानात, झिपरी पोरगी घरात' याचं उत्तर केरसुणी, हे आपल्याला ठाऊक. फ्लॅटमधल्या पोरानं सांगितलं, 'मॉप'. झिपऱ्या आहेत, सगळे कामाला गेले की एकटा घरात उभा असतो. मी मान्य केलं. तुम्ही मागे छापलेलं 'हात आहेत, पण टाळी वाजवत नाही' हे तर कुठून उचललं देव जाणे. उत्तर म्हणे घड्याळ! अहो, इंग्रजीत हात म्हणत असतील, आपल्या घड्याळाला काटे असतात. आमची रिक्षा तेव्हा पोवई नाक्यावर होती आणि आत सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, 'पुतळा'. माझ्या मते पोरांचंच उत्तर खरं. उत्तर दुसऱ्या दिवशी देताना वाचकांकडून आलेली अशी दुसरी चपखल उत्तरंही छापा. ती कोड्याइतकीच वाचली जातील.

जाता जाता एक तक्रार. 'उलटं वाचलं तरी तेच' म्हणून तुम्ही 'तो कवी डालडा विकतो' दिलं होतं. रिक्षातल्या चौथीतल्या बाईसाहेबांनी ते वहीत उलट्या क्रमानं लिहून काढलं आणि मला दाखवलं: 'तो कवि डालडा वीकतो'. दोन्ही वेलांट्या चुकल्या! कानाला चालतं, डोळ्याला नाही, असं म्हणून मी वेळ मारून नेली. त्यापेक्षा 'रामाला भाला मारा' द्यायचं होतं, त्यात कुठूनही वाचा, काना न् काना जागेवर राहतो.

जागेची अडचण म्हणाल, तर ती नाही. आज ज्या ओळीत उत्तर असतं, त्याच ओळीत कालचं उत्तर बसेल, आणि उलटं छापायची खटपटही वाचेल. सोमवारपासून जमलं तर बरं. शनिवारचं उत्तर रविवारी आलं की पोरांना सुट्टी असते आणि माझी पंचाईत होते, तेव्हा शनिवारी जरा अवघड द्या आणि त्याचं उत्तर सोमवारी.

आपला नियमित वाचक,
एक रिक्षाचालक, गोडोली, सातारा